लंडनचे भुयार कोणाच्या घरांवरून गेले?

लंडनमधील १०, किंग हेन्रीज रोड हे बाबासाहेबांचे निवासस्थान पाहायला आपली अनेक मुले-मुली जातात. तिथून जवळचे भुयारी रेल्वेचे स्थानक म्हणजे चॉक फार्म. ते १९०७ साली सुरू झाले, म्हणजे १९२१-२२ मध्ये बाबासाहेब त्या घरात राहत होते तेव्हाही ते होते. या रेल्वेची मूळ कल्पना मात्र त्याहून बरीच जुनी आहे आणि ती एका वकिलाला झोपडपट्टीकडे पाहून सुचली होती.

चार्ल्स पीअर्सन हा लंडन सिटीचा सॉलिसिटर. मजूर दाटीवाटीच्या, घाणेरड्या वस्तीत का राहतात? कारण त्यांना कामावर चालत जावे लागते. गाडीभाडे परवडत नाही, म्हणून कामाजवळची कोंदट खोली सुटत नाही. स्वस्त रेल्वे दिली, तर हीच माणसे शहराबाहेर मोकळ्या हवेत राहू शकतील, असे तो १८४० च्या दशकापासून सांगत होता. रेल्वे मात्र त्याला पाहायला मिळाली नाही. सप्टेंबर १८६२ मध्ये तो वारला आणि १० जानेवारी १८६३ रोजी पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन हा सुमारे सहा किलोमीटरचा, जगातील पहिला भुयारी मार्ग सुरू झाला. इंजिने वाफेची, त्यामुळे आत धूरच धूर. तरीही पहिल्याच दिवशी सुमारे ३८,००० लोकांनी प्रवास केला.

आता दुसरी बाजू. तेव्हा भुयार म्हणजे रस्ता उघडून खोल चर खणायचा, विटांची कमान बांधायची आणि वरून माती टाकायची. जिथे रस्ता नव्हता तिथे घरे पाडायची. फॅरिंग्डनकडच्या फ्लीट खोऱ्यातल्या गरीब वस्त्या अशाच गेल्या. जमीनमालकांना भरपाई मिळाली. आठवड्याच्या भाड्याने राहणाऱ्यांच्या हाती जवळपास काहीच आले नाही. ते शेजारच्या गल्लीत गेले आणि आधीच भरलेल्या खोल्यांत आणखी माणसे कोंबली गेली. ज्यांच्यासाठी रेल्वे मागितली, त्यांचीच घरे आधी पडली. वस्तीत सर्वेक्षण करताना मी पहिला प्रश्न "घर मालकीचे की भाड्याचे?" असा विचारते, तो याचसाठी. भाडेकरूचे नाव यादीतून सर्वांत आधी गळते.

स्वस्त भाड्याचे काय झाले? १८६४ मध्ये कंपनीने पहाटे मजुरांसाठी खास गाड्या सुरू केल्या, जाऊन-येऊन तीन पेनी. पण नंतर अशा गाड्या सर्वत्र चालाव्यात म्हणून १८८३ साली संसदेला कायदा करावा लागला. मैलाला एक पेनी किंवा त्याहून कमी भाडे घ्या, त्यावरचा कर माफ. बदल्यात सरकार सांगेल तशा मजूरगाड्या चालवा, असा तो व्यवहार होता. कंपनीच्या भलेपणावर सोडले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

१८९० मध्ये तंत्र बदलले. लोखंडी ढालीच्या आडून चिकणमातीत खोल बोगदा खणायचा आणि गाडी विजेवर चालवायची. ही मऊ, एकसंध माती टेम्स नदीच्या उत्तरेला जास्त सापडते. आजच्या २७२ स्थानकांपैकी दक्षिणेला जेमतेम तिसेक आहेत, त्याचे हे एक कारण. खोल बोगद्यामुळे पाडापाडी कमी झाली. तरीही कंपन्यांनी बोगदे शक्यतो रस्त्याखालूनच नेले, कारण घराखालून गेले तर मालकाला पैसे द्यावे लागत. या नव्या गाड्यांत पहिला-दुसरा वर्ग नव्हता. सगळ्यांना एकच दोन पेनीचे तिकीट. जुन्या मेट्रोपॉलिटन मार्गावर मात्र पहिला वर्ग पुढेही कित्येक दशके टिकला. त्याच कंपनीने उपनगरांत जमिनी विकसित केल्या आणि तिथली बागबगीच्याची घरे मुख्यतः मध्यमवर्गाने घेतली. पीअर्सनचा मजूर त्या जाहिरातींत कुठे दिसत नाही.

१९३३ मध्ये हे सारे जाळे एका सार्वजनिक मंडळाकडे आले. महायुद्धानंतर माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९५६ मध्ये भरती थेट बार्बाडोस बेटावर जाऊन झाली. बोटीचे भाडे तिथल्या सरकारने कर्जाऊ दिले आणि कामगारांनी ते लंडनच्या पगारातून फेडले. बहुतेकांना कामे मिळाली ती खालच्या पायरीवरची. वरच्या जागांसाठी या कृष्णवर्णीय कामगारांना पुढे बरीच वर्षे झगडावे लागले.