डबा उघडा, पर्स दाखवा!

पाळी सुटल्याचा भोंगा झाला की गेटवर रांग. डबा उघडा, पिशवी दाखवा, हात वर करा. ही काही वॉचमनची लहर नव्हे! आपल्याकडच्या 1946 च्या स्थायी आदेश कायद्याच्या परिशिष्टातच ठरावीक गेटनं ये-जा आणि झडती हा विषय नोंदलेला होता.

अमेरिकेत मात्र एका कुलपानं कोर्ट गाजवलं. ह्यूस्टनच्या के-मार्टमधल्या एका कर्मचारी बाईंनी लॉकरला स्वतःचं कुलूप लावलं होतं, तेही दुकानाच्या माहितीत. दुपारच्या मधल्या सुट्टीत लॉकरपाशी आल्या तर कुलूप लोंबकळतंय, पर्समधलं सामान विस्कटलेलं. ज्युरीनं दंडात्मक भरपाईच 1 लाख डॉलरची ठरवली. 1984 मध्ये अपील कोर्टानं तांत्रिक कारणानं खटला परत पाठवला, पण स्वतःचं कुलूप म्हणजे खासगीपणाची रास्त अपेक्षा, हे मान्य केलं. लॉकर कंपनीचा असला म्हणून काय झालं!

सर्वात मासलेवाईक किस्सा कॅलिफोर्नियातल्या नापा सरकारी मनोरुग्णालयाचा. 1981 मध्ये तिथल्या डॉ. ऑर्टेगांच्या खोलीची झडती झाली. सबब काय, तर सरकारी सामानाची यादी करायची आहे. आणि हाती काय लागलं? एक व्हॅलेंटाइन कार्ड, एक फोटो आणि एक कवितासंग्रह. आता यातलं सरकारी काय, ते यादी करणाऱ्यांनाच ठाऊक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. प्रतिवादी रुग्णालय संचालक ओ'कॉनर आणि 1987 चा मुख्य निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्तीही ओ'कॉनर! (नातं नाही, निव्वळ योगायोग.) टेबलाचा खण डॉक्टरांचा खासगीच, पण सरकारी मालकाला झडतीसाठी वॉरंट लागत नाही, कारण रास्त असलं की पुरे, असं ठरलं. भांडण पुढं 1998 पर्यंत चाललं आणि शेवटी डॉक्टर जिंकले.

झडतीच्या रांगेतल्या वेळेचा पगार कुणी द्यायचा? ॲमेझॉनच्या गोदामांतल्या कामगारांनी रोजची सुमारे 25 मिनिटं मागितली. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एकमुखी नकार. कॅलिफोर्नियाचा कायदा वेगळा. तिथं ॲपलच्या दुकानांतले कर्मचारी 2020 मध्ये जिंकले. कंपनीचं म्हणणं होतं, बॅग आणि आयफोन कामावर आणणं ही तुमची वैयक्तिक सोय. नको असेल झडती, तर आणू नका. आयफोनशिवाय घराबाहेर पडायचा विचारही कुणी करणार नाही, असं कंपनीप्रमुख म्हणून खुद्द टिम कुक म्हणाले होते. न्यायाधीशांनी निकालात नेमकं तेच कंपनीला ऐकवलं.