साडेचार वर्षे आधी दिलेली नोटीस

संप हा अवचित कोसळतो, अशी आपली समजूत असते. सकाळची पाळी फाटकाशी येऊन थबकते, घोषणा सुरू होतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून आपणांस बातमी कळते. अमेरिकेतील मोटार कामगारांच्या 'युनायटेड ऑटो वर्कर्स' या संघटनेने मात्र आपल्या पुढील संभाव्य संपाची तारीख २०२३ सालीच मुक्रर करून ठेवली. फोर्ड, जनरल मोटर्स आणि स्टेलँटिस या डेट्रॉइटच्या तीन बड्या कंपन्यांशी त्या वर्षी झालेले करार ३० एप्रिल २०२८ रोजी संपावयाचे आहेत. दुसरा दिवस १ मे, कामगार दिन. हा योगायोग नव्हे. इतर उद्योगांतील संघटनांनीही आपापल्या करारांची मुदत त्याच रात्री संपवावी, असे जाहीर आवाहन संघटनेचे अध्यक्ष शॉन फेन यांनी केले आहे. ज्या दिवसाचा जन्म १८८६ च्या शिकागोत झाला आणि जो अमेरिकेने सोडून बाकीच्या जगाने पाळला, तो दिवस असा आपल्या माहेरी परत येऊ पाहत आहे.

२०२३ चा संप सुरू झाला तेव्हा लोकांच्या डोळ्यांत भरली ती चाळीस टक्के पगारवाढीची मागणी. मध्यमवर्गीय माणूस असा आकडा ऐकला की दचकतो. तो अमेरिकेत दचकतो तसा पुण्यातही दचकतो. परंतु त्या लढ्याचे मर्म आकड्यात नव्हते. २००७ साली कंपन्या अडचणीत असताना संघटनेने एक कडू तडजोड पत्करली होती. जुन्या कामगारांचे वेतन कायम ठेवावे आणि नव्याने भरती होणाऱ्यांस त्याच कामासाठी जवळजवळ निम्म्यावर घ्यावे, अशी ती तडजोड. २००९ साली महागाईनुसार वाढणारा भत्ताही गेला. पुढे कंपन्यांना बरे दिवस आले, नफा झाला. पण एकाच लाइनवर, एकाच गाडीचे दार बसविणाऱ्या शेजारच्या दोघांच्या पाकिटांतील अंतर राहिलेच. पूर्ण वेतनापर्यंत पोहोचण्यास पुढे आठ वर्षे लागू लागली, आणि हंगामी कामगारांस तर तो जिना चढण्यासही मिळेना.

हे दुखणे संघटनेने आपल्याच सहीने ओढवून घेतले होते, हे आम्हांस मुद्दाम नमूद करावेसे वाटते. म्हणूनच तिने ते निस्तरले याचे मोल अधिक. १५ सप्टेंबर २०२३ रोजी तिने तिन्ही कंपन्यांचा एकेकच कारखाना बंद पाडला. सुमारे दीड लाख सभासदांपैकी अवघे तेरा हजार बाहेर आले; बाकीचे काम करीत राहिले, आणि उद्या कोणत्या कारखान्याची पाळी, हे मालकांस कळेनासे झाले. संपनिधी जपला गेला, दहशत मात्र सर्वत्र पसरली. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली, तीत कराराच्या मुदतीत २५ टक्के वाढ आली, महागाई भत्ता परतला, आणि आठ वर्षांचा तो जिना तीन वर्षांचा झाला. सर्वच मिळाले असे नाही. नव्या पिढीला निवृत्तिवेतन मिळाले नाही. आठवड्याला बत्तीस तासांची मागणी बाजूस पडली. जनरल मोटर्समध्ये तर करार जेमतेम पंचावन्न टक्के मतांनी संमत झाला.

मालकपक्षाचे म्हणणेही पोकळ नाही. या करारामुळे २०२८ पर्यंत दर गाडीमागे सुमारे ९०० डॉलर खर्च वाढेल, असे फोर्डने सांगितले. ज्यांच्याकडे संघटनाच नाही अशा टेस्लाशी स्पर्धा करावयाची, आणि विजेच्या गाड्यांसाठी भांडवलही ओतावयाचे! पण २०२२ या एका वर्षात जनरल मोटर्सच्या प्रमुखांस सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा मोबदला देताना दर गाडीमागे किती पडले, हा हिशेब कोणी मांडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

हे सारे दूरदेशचे म्हणून सोडून देता आले असते. परंतु यांतील एक कंपनी आपल्या परिचयाची आहे. जनरल मोटर्सने तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबविले आणि पुढल्या वर्षी हजारावर कामगारांच्या हाती कपातीचा कागद ठेवला. संघटना न्यायालयाची पायरी चढली. कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. डेट्रॉइटमध्ये जी कंपनी वाटाघाटीच्या टेबलाशी बसते, ती तळेगावात कुलूप लावून जाऊ शकते, कारण इथे तिच्यासमोर एकाच कारखान्याची संघटना उभी होती.

आणि त्या एका कारखान्यातही सर्वांची नव्हे. चाकण, रांजणगाव, पिंपरीच्या पट्ट्यात कायम, कंत्राटी, मुदतबंद आणि शिकाऊ अशी उतरंड आज प्रत्येक फाटकाआड दिसते. देशातील संघटित कारखान्यांत दर दहा कामगारांपैकी सुमारे चार कंत्राटी आहेत. कायम कामगारांच्या संघटना तीन-तीन वर्षांचे करार करतात, पेढे वाटतात, छायाचित्रे छापून येतात; कंत्राटी पोराचा त्या करारात उल्लेखही नसतो. २०१३ साली चाकणच्या बजाज कारखान्यातील संप पन्नास दिवस चालला आणि मुख्य मागणी पदरात न पडताच मिटला. त्या काळात कारखाना पुरता बंद असा पडलाच नव्हता. ज्याला आपण लढ्यात घेतले नाही, त्याच्याच हातून मालक गाडी बाहेर काढतो, यात नवल ते कोणते?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने आता प्रत्येक कारखान्यात संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस आवश्यक केली आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली रजाही संपच समजली जाईल. नोटिशीच्या अटीस आम्ही सरसकट विरोध करीत नाही. बोलण्यास वेळ मिळावा हे इष्टच. साडेचार वर्षे आधी दिलेल्या तारखेने जर संपाचे बळ घटत नसेल, तर चौदा दिवसांनीही घटण्याचे कारण नाही. घटते ते दुसऱ्या कलमाने. वाटाघाटीचा एकमेव अधिकार हवा तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार पाठीशी हवेत. आणि कंत्राटी कामगाराचे नाव असते कंत्राटदाराच्या पटावर. तो मोजलाच जात नाही. ही मोजणी कायद्याने बदलेल तेव्हा बदलो. त्याला सभासद करून घेण्यास, त्याच्या वेतनाचे कलम आपल्या मागणीपत्रात पहिले लिहिण्यास, कायम कामगारांच्या संघटनांस कोणी मनाई केलेली नाही.

१ मे २०२८ रोजी डेट्रॉइटचे कारखाने थांबतात की नाही, हे तिथली दोन्ही बाजूंची माणसे ठरवितील. आपल्याकडे त्या दिवशी महाराष्ट्र दिनाची सुट्टी असेल. चाकणची फाटके बंद राहतील. ज्यांची नावे कंपनीच्या पटावर आहेत, त्यांचा त्या दिवसाचा पगार चुकणार नाही.