वऱ्हाडच्या उन्हांत मोठ्या पानांचीं झाडें

नागपूर-भुसावळ लोहमार्गावरील धामणगांव रेल्वे हें कापसाचें गांव. येथील काळी जमीन कपाशीला मानवते. परंतु तीच माती नुसती कुंडींत भरली, तर मोठ्या पानांचें झाड फार दिवस तग धरीत नाहीं. ही माती भिजली म्हणजे फुगते, वाळली म्हणजे भेगाळते. एकींत मुळें कुजतात, दुसरींत तुटतात. म्हणून माती, जाड वाळू व पूर्ण कुजलेलें शेणखत समभाग घ्यावें, आणि कुंडीच्या तळाला भोक असावेंच.

केळ, अळू आणि अलीकडे दिवाणखान्यांत मानाची जागा मिळविणारें, मूळचें दक्षिण मेक्सिकोच्या अरण्यांतील मॉन्स्टेरा, हीं सारीं दमट हवेचीं लेंकरें. मे महिन्यांत वऱ्हाडांत पारा ४४ अंशांच्या घरांत जातो, तेव्हां रुंद पानांतून उडून जाणारें पाणी दुखावलेल्या मुळांना पुरवितां येत नाहीं. त्या दिवसांत कुंडी बदलणें म्हणजे ताप आलेल्या माणसास प्रवासाला धाडणें होय. मृगाच्या सरींनीं हवा निवल्यावरच हें काम काढावें.

नवी कुंडी जुनीहून दोन इंचच मोठी घ्यावी; फार मोठींत ओल साचते. मातीचा गड्डा न फोडतां झाड उचलून पूर्वीइतकेंच खोल लावावें, व आठ-दहा दिवस ओसरीच्या सावलींत ठेवावें. केळीचा मुनवा मात्र तलवारीसारख्या अरुंद पानांचाच निवडावा. रुंद पानांचा दुबळा निघतो.

उन्हाळ्यांत पाणी मोजून वापरावें लागतें, आणि झाडांचा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो. डाळ-तांदूळ धुतलेलें पाणी केळी-अळवाच्या आळ्यांत सोडावें व वर वाळलेला पाला पसरावा, म्हणजे तिच्या खेपा वाचतात. कुंडींत बोट घालून माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावें.

एकत्र कुटुंबांत रांगतीं मुलेंही असतात. मॉन्स्टेराच्या पानांत, कच्च्या अळवाप्रमाणेंच, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावा घेतल्यास तोंड व घसा सुजतो. अळू आपण चिंच घालून शिजवतों. शोभेच्या झाडाला तो उपाय नाहीं. कुंडी मुलांच्या हाताबाहेर ठेवावी, आणि मुलानें पान चावलेंच तर तोंड धुऊन विनाविलंब डॉक्टरांस दाखवावें.

पाहुण्यांना दाखविण्यासाठीं दहा कुंड्या मांडून सुकविण्यापेक्षां एकच झाड सर्वांनीं मिळून जगवावें, आणि पाण्याची पाळी पुरुषमंडळींनींही घ्यावी, असें आम्हांस वाटतें.