ब्राउझरमध्ये सिक्रेट ठेवू नका

ॲपला प्रवेशाची परवानगी देणाऱ्या ओऑथ २.० या मानकाच्या २०१२ सालच्या मूळ दस्तऐवजात, म्हणजे आरएफसी ६७४९ मध्ये, क्लायंटचे (परवानगी मागणाऱ्या ॲपचे) दोन प्रकार आहेत: कॉन्फिडेन्शियल आणि पब्लिक. पहिला आपले क्लायंट सिक्रेट सर्व्हरवर सांभाळू शकतो, दुसरा नाही. सिंगल-पेज ॲप दुसऱ्या प्रकारात मोडते. त्याची जावास्क्रिप्ट वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये उतरते आणि ती कोणीही उघडून वाचू शकतो. तिच्यात सिक्रेट लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवणे. कोड मिनिफाय केला तरी ते लपत नाही.

मग सिक्रेटऐवजी आधार पीकेसीई या पद्धतीचा. लॉगिन सुरू करताना ॲप ४३ ते १२८ अक्षरांची यादृच्छिक ओळ बनवते, तिचा एसएचए-२५६ हॅश आधी पाठवते आणि लॉगिननंतर मिळालेला कोड देऊन प्रवेशाचे टोकन मागताना मूळ ओळ दाखवते. मधल्यामध्ये तो कोड कोणी पळवला तरी त्या ओळीवाचून तो निरुपयोगी. पण याने ॲपची ओळख सिद्ध होत नाही. म्हणूनच कोड जिथे परत पाठवला जातो तो रिडायरेक्ट पत्ता पूर्ण आणि नेमका नोंदवावा. तिथे तारांकन टाकून मोकळे होण्याचा मोह घातक आहे.

लॉगिन सर्व्हरवरची मांडणी अशी: कीक्लोकमध्ये ‘क्लायंट ऑथेंटिकेशन’ बंद, ‘स्टँडर्ड फ्लो’ चालू. ‘इम्प्लिसिट फ्लो’ बंदच ठेवा: त्यात टोकन थेट पत्त्याच्या ओळीतून येते, आणि जानेवारी २०२५ च्या आरएफसी ९७०० नेही तो टाळायला सांगितले आहे. मायक्रोसॉफ्ट एंट्रामध्ये रिडायरेक्ट पत्ता नोंदवताना ‘वेब’ नव्हे, ‘सिंगल-पेज ॲप्लिकेशन’ निवडा. नाहीतर टोकनची विनंती ब्राउझरच्या कॉर्स नियमात (दुसऱ्या डोमेनकडे जाणाऱ्या विनंत्यांच्या बंधनात) अडकते. ‘सिंगल-पेज’ प्रकारात नवे टोकन मिळवून देणारे रिफ्रेश टोकन २४ तासच चालते.