लॅक्स्टन : जिथे अजून शेतपंचायत भरते

इंग्लंडमधली सामाईक शेतं अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत कुंपणं घालून वाटली गेली. नॉटिंगहॅमशायरमधलं लॅक्स्टन मात्र वाचलं. वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही तिथली तीन मोठी, बिनकुंपणाची शेतं. प्रत्येकात शेतकऱ्यांच्या लांबट पट्ट्या. एका शेतात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पडीक. दरवर्षी पाळी बदलते.

खरी गंमत नोव्हेंबरअखेरीस. गावातले पंच गहू पेरलेल्या शेतात उतरतात, पट्ट्यांच्या हद्दी तपासतात आणि लागेल तिथे लाकडी खुंट्या ठोकतात. कुणी वाटेवर किंवा गवताच्या सामाईक पट्ट्यावर नांगर घातला असेल, तर नोंद होते. बांध कोरणारे सगळीकडेच असतात! आठवडाभराने ‘डव्हकोट इन’ या गावच्या पबमध्ये ‘कोर्ट लीट’ ही शेतपंचायत भरते आणि दंड ठरतो. या कोर्टाला आजही कायद्याची मान्यता आहे, हे विशेष.

मार्क पिअर्सने १६३५ साली काढलेला गावाचा नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. त्यात नांगरणारे, पेरणारे, कापणी करणारेही रंगवले आहेत. १९५२ मध्ये शेती मंत्रालयाने हे गाव विकत घेतलं, १९८१ मध्ये ते राजसत्तेची मालमत्ता सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे गेलं आणि २०२० मध्ये थोर्सबी इस्टेटकडे आलं.