ठिपक्याची रुंदी

"सर, टेबलाला टेकू नका हं!" असे माझ्या एकेकाळच्या विद्यार्थिनीने मला बजावले, तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते, आणि हवेच्या दाबावर अलगद तरंगणाऱ्या त्या पोलादी टेबलापाशी, तिचा हुकूम शिरोधार्य मानून, मी हात पाठीमागे बांधून मुकाट्याने उभा राहिलो.

सायंकाळी तिने टंग्स्टन डायसल्फाइडच्या काळसर, चकचकीत स्फटिकाचा कण चिकटपट्टीवर दाबला होता, पट्टी पुनःपुन्हा दुमडली आणि उलगडली होती, आणि ती सिलिकॉनच्या चकतीवर दाबून उचलल्यावर मागे राहिलेल्या असंख्य पापुद्र्यांतून एकाच थराचा तुकडा, तिच्या बोलीत 'फ्लेक', हुडकून काढला होता. 2004 साली मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर हीच युक्ती चालवून ग्राफीन हस्तगत केले. तेव्हापासून महागड्या लेसरच्या शेजारी ही घरगुती पट्टी बिनदिक्कत नांदत आहे. सूक्ष्मदर्शकात तो फ्लेक म्हणजे जांभळट पार्श्वभूमीवरचा किंचित निराळ्या छटेचा डाग. जाडी एका नॅनोमीटरहूनही कमी. मला तो तिसऱ्या खेपेस दिसला.

या थरावर प्रकाशाचा आघात झाला की इलेक्ट्रॉन आपली जागा सोडतो खरा, परंतु मागे राहिलेल्या रिकाम्या जागेच्या धन प्रभाराच्या ओढीतून तो सुटत नाही, आणि दोघांची जोडी बांधलेलीच भटकत राहते. फ्रेंकेल यांनी 1931 साली कल्पिलेला एक्सिटॉन तो हाच. तो ऊर्जा वाहतो, पण त्याचा एकूण प्रभार शून्य. म्हणून विद्युतप्रवाहाच्या दप्तरी त्याची नोंद होत नाही, आणि जोडी विझताना जो नारिंगी-तांबडा प्रकाशकण सुटतो, तोच तिच्या अखेरच्या मुक्कामाचा पुरावा.

हा पुरावा गोळा करणारा स्ट्रीक कॅमेरा मोठा चतुर आहे. आलेल्या प्रकाशकणांपासून तो इलेक्ट्रॉन निर्माण करतो, झपाट्याने बदलणाऱ्या विद्युतदाबाने त्यांना वळवतो, आणि उशिरा आलेल्याला पडद्यावर तितकेच दूर टाकतो. त्यामुळे आडव्या अक्षावर स्थळ आणि उभ्या अक्षावर काळ, अशी फिकट ज्योतीसारखी आकृती उमटते. मात्र जोड्या किती झपाट्याने पसरतात ते सांगणारा विसरणांक सेकंदाला 1 चौरस सेंटिमीटर धरला, तर 100 पिकोसेकंदांत जोडी एका दिशेने साधारण 140 नॅनोमीटर सरकणार, आणि लेसरचा ठिपकाच मुळी अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास रुंद! म्हणजे प्रवासी दिसत नाही, पाऊलवाटही दिसत नाही. दिसते ती केवळ ठिपक्याला हळूहळू येणारी सूज. रुंदीचा वर्ग काळाच्या प्रमाणात वाढत असेल, तर त्या सरळ रेषेच्या चढावरून विसरणांक काढायचा, एवढाच काय तो आधार.

त्या रात्री ठिपका भराभर फुगला. मी हरखलो, ती मात्र कपाळाला आठ्या घालून लेसरच्या शक्तीचा आकडा पाहू लागली. शक्ती अधिक असली की मध्यभागी जोड्यांची दाटी होते, दोन जोड्यांची गाठ पडताच एक दुसरीला आपली ऊर्जा देऊन नाहीशी होते, मध्य लवकर रिता होतो, कडा तशाच उजळ राहतात. आणि एकही जोडी जागची हलली नसली तरी ठिपका रुंद झाल्याचा भास होतो. 2018 साली रेगेन्सबुर्ग विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तर, उत्तेजन पुष्कळ वाढवल्यावर, चंद्राभोवती पडावे तसे प्रकाशाचे खळे उमटले होते. माझ्या आनंदात नेमका किती भाग प्रवासाचा आणि किती संहाराचा, हे त्या आकृतीवरून सांगता येण्याजोगे नव्हते.

"चूक माझीच, सर, मघाचा फिल्टर परत लावायचा राहिला," असे म्हणून तिने तो लावला. प्रकाश इतका मंदावला की जी आकृती मघाशी काही मिनिटांत भरली होती, तिला आता पहाटेपर्यंतची मुदत लागणार होती. तिने वहीत तारीख, फ्लेकचा क्रमांक आणि शक्ती लिहिली, आधीच्या नोंदीवर काट मारली, विसरणांकाचा रकाना कोरा ठेवला, आणि मला बसायला भिंतीलगतचे स्टूल दाखवले. टेबलापासून चार हात दूर.