लहान रंधा यंत्र निवडताना

दोन फळ्या कडेला कड लावून उजेडाकडे धरा. मधून प्रकाशाची रेघ दिसली, तर तेथे सरस नीट धरणार नाही. ही फट घालवण्यासाठी सुतार लांब रंधा मारतो. हेच काम विजेवर करणाऱ्या यंत्राला जॉइंटर म्हणतात. शाळेच्या कार्यशाळेसाठी असे छोटे यंत्र घ्यायचे झाले, तर कोणत्या गोष्टी पाहाव्यात? थोडे पदार्थविज्ञान वापरून आपणच ठरवू या.

या यंत्रात दोन टेबले आणि त्यांच्या मध्ये पाती बसवलेला फिरता दंडगोल असतो. पलीकडचे टेबल पात्याच्या सर्वांत उंच बिंदूच्या बरोबर पातळीत असते. अलीकडचे थोडे खाली असते. हा फरक म्हणजे एका वेळी निघणाऱ्या लाकडाची जाडी. तासलेला भाग लगेच पलीकडच्या टेबलावर टेकतो आणि तोच पुढच्या कापाचा आधार होतो. पलीकडचे टेबल किंचित खाली राहिले, तर फळीचे मागचे टोक शेवटी पात्यावर खचते आणि तेथे खाच पडते.

आता टेबलाची लांबी पाहा. समजा, १६० सें.मी. लांबीची फळी धनुष्यासारखी वाकली आहे आणि मधोमध ४ मि.मी. बाक आहे. लांबी निम्मी केली की बाक निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून ८० सें.मी. भागात तो १ मि.मी.च भरेल, तर ४० सें.मी. भागात फक्त पाव मि.मी. टेबल जितके आखूड, तितका त्याला हा बाक कमी 'दिसतो', आणि फळी गुळगुळीत होऊनही वाकडीच राहू शकते. दोन्ही टेबले मिळून जी लांबी होते, तिच्या दुप्पट लांबीपर्यंतचीच फळी घ्यावी, असा कारागिरांचा ठोकताळा आहे. छोट्या यंत्रांत ही लांबी बहुधा ७५ सें.मी.च्या आसपास असते, म्हणजे दीड मीटरची फळी ही त्यांची मर्यादा. स्टूल, पेट्या, चौकटी यांना ती पुरते; दाराला नाही.

वेगाच्या आकड्याला मात्र भुलू नका. दोन पाती मिनिटाला १०,००० फेरे घेत असतील, तर २०,००० काप होतात. फळी मिनिटाला ४ मीटर सरकवली, तर दोन कापांत ०.२ मि.मी. अंतर राहील. तीन पाती आणि ५,००० फेरे असतील, तर हे अंतर सुमारे ०.२७ मि.मी. येते. फरक फार नाही. शिवाय जास्त वेगाची यंत्रे बहुधा मिक्सरसारख्या ब्रशच्या मोटरवर चालतात आणि फार आवाज करतात. पिठाच्या गिरणीला असते तशी इंडक्शन मोटर जड, पण शांत असते.

वजनही महत्त्वाचे. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, तर बिडाची सुमारे ७.२. बिडाचे टेबल उचलायला कठीण, पण ते कमी थरथरते.

एक गैरसमज दूर करू. फळीच्या दोन्ही बाजू या यंत्रावर सपाट केल्या, तरी त्या एकमेकींना समांतर होतीलच असे नाही; कारण प्रत्येक बाजू स्वतःच्याच आधाराने तासली जाते. सारख्या जाडीसाठी निराळे यंत्र लागते.

पात्यांवरचे झाकण आपोआप परत येते ना, हे आधी तपासा. ३० सें.मी.पेक्षा आखूड तुकडा यावर घालू नये. फळी हाताने नव्हे, ढकलपट्टीने सरकवावी. पात्यांना हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. आणि हे यंत्र शिक्षकांनीच चालवावे. बोट परत उगवत नाही.

शेवटी दुकानातच एक प्रयोग करून घ्या. दोन फळ्यांच्या कडा त्या यंत्रावर तासायला सांगा आणि त्या एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धरा. टेबलांची बाहेरची टोके झुकलेली असतील, तर दोन्ही कडा मध्ये खोल होतील आणि दोष दुप्पट होऊन दिसेल. प्रकाश आला नाही, तर खुशाल पैसे मोजा.